दोनशे चौदा नंबरचा बिल्ला

मी चौतीस वर्षं लोकांचे पगार केले. स्वतःचा पगार तेवढा मला कधी नीट करता आला नाही, असं आमच्या घरच्यांचं मत आहे, आणि ते खोडून काढायला माझ्याजवळ पुरावा नाही. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी टाइम ऑफिसला लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. फौंड्री म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. बघायला आलेला माणूस भट्टी बघतो, ठिणग्या बघतो, काळी वाळू बघतो आणि शिंकत परत जातो. गेटच्या डाव्या हाताला, सायकल स्टँडला खेटून, जाळीची खिडकी असलेली एक खोली होती. तिच्याकडे एरवी कोणी बघत नसे. महिन्याच्या सात तारखेला मात्र चारशे माणसं तिच्याकडेच बघत असायची.

दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काहीतरी लिही म्हणून एक मित्र मागं लागला, तेव्हा मी त्याला म्हटलं, “अरे, पगारात लिहिण्यासारखं काय असतंय?” तो म्हणाला, “पगारात नसंल तर मग कशात असतंय?” म्हणून लिहायला बसलो.

आधी धंदा समजावून सांगतो. आताच्या मुलांना वाटतं, तारीख आली की पगार आपला आपण खात्यात जाऊन बसतो. आम्हाला तो हातानं करावा लागे. प्रत्येक कामगाराला पितळेचा एक गोल बिल्ला दिलेला असायचा, त्यावर नंबर ठोकलेला. कामावर येताना त्यानं तो खिडकीतून आत द्यायचा आणि मी त्या नंबरच्या खिळ्याला अडकवायचा, सुटताना तो परत न्यायचा. भोंगा झाला की खिळे बघून मस्टरवर हजेरी मांडायची. महिना संपला की हजेऱ्या मोजा, ओव्हरटाइमचे तास मिळवा, घेतलेली उचल, सोसायटीचा हप्ता, पीएफ वजा करा. यात चार दिवस जायचे. पाचव्या दिवशी नोटांची यादी करायची, म्हणजे चारशे पाकिटं भरायला शंभराच्या किती, पन्नासच्या किती, दहाच्या किती आणि चिल्लर किती. ही यादी चुकली तर शेवटच्या दहा पाकिटांत भरायला फक्त शंभराच्या नोटा उरत आणि मग मी कँटीनवाल्याच्या पाया पडायला जात असे.

सात तारखेला रांग लागायची. पाकीट दिलं की पगारपत्रकावर त्याच्या नावासमोर महसूल तिकीट चिकटवलेलं असे, त्यावर त्यानं सही करायची. मी तिकीट आहे ना, सही त्याच्यावर आडवी आली ना, एवढं बघायचो आणि “पुढं” म्हणायचो. सही काय केली आहे हे वाचायला वेळ कुणाला होता? हे लक्षात असू द्या, पुढं लागणार आहे.

खिडकीतून माणसं जशी दिसतात, तशी समोरून दिसत नाहीत. आमच्या भट्टीवरचा एक पैलवान गडी मला दर महिन्याला हळूच सांगायचा, “आण्णा, ओव्हरटाइमचं पाकीट येगळं करा की.” पगाराचं पाकीट बायकोला आणि ओव्हरटाइमचं त्याच्या खुराकाला, अशी त्याची वाटणी होती. मी वेगळं करून देत असे. पुढं पगार बँकेतून व्हायला लागला आणि मोबाइलवर मेसेज यायला लागला. घरातला मोबाइल अर्थातच बायकोजवळ. तो गडी बँकेत जाऊन काउंटरवरच्या बाईंना विचारत होता, “ताई, त्यो मेसेज दोन तुकड्यांत येतोय काय बगा की.” त्या महिन्यापासून त्याची तब्येत उतरली, असं तो अजून सांगतो.

आणि फुटबॉल. मी शिवाजी पेठेतला. आमच्याकडं मॅच असली की माणसाचं शरीर कुठंही असो, जीव मैदानात असतो. दुसऱ्या पाळीतली पेठेतली निम्मी पोरं गैरहजर राहायची आणि ओतकाम अडायचं. मी सामन्यांचं वेळापत्रक आधीच मिळवून टेबलाच्या काचेखाली ठेवत असे. मॅचच्या दिवशी पेठेतल्यांची नावं पेन्सिलीनं पहिल्या पाळीत आणि गावाकडच्यांची दुसऱ्या पाळीत. मालकांना वाटायचं, आण्णांचं नियोजन फार चांगलं. नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा मी प्रियांकाला विचारलं, “यात मॅचसाठी काही रकाना आहे का?” प्रियांका म्हणजे आमच्या नव्या पगार विभागाची मुलगी, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, हुशार, पण मंगळवार पेठेतली, म्हणजे समोरच्या टीमची. ती म्हणाली, “काका, ‘इतर’ म्हणून एक रकाना आहे. तुमची टीम त्यातच बसते.” असो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती सांगावी की नाही याचा मी बराच विचार केला, कारण तिच्यात चूक माझी आहे.

आमच्या फौंड्रीत बदलीची एक पद्धत होती. ती कुठल्या नियमात नव्हती, पण सगळ्यांना ठाऊक होती. कुणाकडं ऊसतोड आली, कुणाची म्हैस व्यायला झाली, कुणाला ताप आला, की त्याचा भाऊ, मेव्हणा, नाहीतर चुलता त्याचा बिल्ला घेऊन कामावर यायचा. साचे भरले गेले की सुपरवायझर खूश, आणि हजेरी बिल्ल्याच्या नंबरवर पडे, म्हणून घरातला पगार बुडत नसे. मी डोळे मिटून घेत असे. खरं सांगायचं तर त्या वेळी मला त्यात मोठं औदार्य वाटायचं.

दोनशे चौदा नंबर गडमुडशिंगीच्या आनंदाचा. लागून सात महिने झाले होते, नुकताच कायम झालेला. एके दिवशी सकाळी त्याचा बिल्ला खिडकीतून आत आला, पण हात वेगळा होता. मी मान वर केली. नाक-डोळे तेच, अंगानं बारीक, पाचेक वर्षांनी लहान.

“दादा बैलगाडीवरनं पडलाय, आण्णा. कंबर धरलीया. मी त्येचा धाकटा भाऊ, विलास. आठ दिस मी येतो.”

“काम येतंय काय?”

“दावलं तर येतंय की.”

मी बिल्ला खिळ्याला अडकवला. आठ दिवसांचा महिना झाला. आनंदाची कंबर सुधारली, पण वाळूची पाटी उचलण्याइतकी नाही. तो शेतीच बघू लागला. इकडं विलासचा हात कामात असा काही बसला, की सुपरवायझर म्हणाला, ह्याला सोडू नका. मी काय करायला हवं होतं? आनंदाचं नाव कमी करून विलासचा नवा अर्ज भरायला हवा होता. पण त्या वर्षी नवी भरती बंद होती. आनंदाचं नाव काढलं असतं तर विलासला गेटच्या आत घेता आलं नसतं आणि एका घराची चूल अडली असती. भरती सुरू झाली की करू, असं मी म्हणालो. भरती सुरू झाली तेव्हा तो जुना झाला होता. नव्यानं लावलं असतं तर परत हंगामी, परत कमी पगार. राहू दे, म्हटलं. अशी राहू देता देता एकोणतीस वर्षं झाली.

त्या एकोणतीस वर्षांत तो कारखान्यात आनंदा होता आणि घरी विलास. हाक मारणारे सगळे त्याला आनंदाच म्हणायचे. जुनी माणसं निवृत्त होत गेली आणि खरं नाव माहीत असलेला मी एकटा उरलो. एकदा तो टायफॉइडनं पडला होता, तेव्हा त्याची बायको सुमन बिल्ला घेऊन पगाराला आली. मी नाव विचारलं. ती म्हणाली, “दोनशे चौदा.” मी परत विचारलं. परत, “दोनशे चौदा.” नवऱ्याचं नाव घ्यायला लाजते आहे, म्हणून रांगेतले गडी हसले, मीही हसलो. पाकीट देऊन झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की कागदावरचं नाव तिच्या थोरल्या भावजींचं होतं. नवरा म्हणून ते नाव ती कशी घेणार? मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

पगार बँकेतून द्यायची वेळ आली तेव्हा मी दोघा भावांना जोडखातं काढायला लावलं. पगार आनंदाच्या नावानं जमा, विलास सहीनं काढणार. आपण फार हुशार, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

मग सॉफ्टवेअर आलं. गेटवर चेहरा ओळखणारं यंत्र बसायचं होतं, पगार, कपाती, पीएफ सगळं एकाच जागी व्हायचं होतं. जे काम आम्ही चौघं चार दिवस करत होतो, ते प्रियांका चहा निवेपर्यंत करू लागली. मला त्याचा राग आला नाही. चार दिवस बेरजा करण्यात काही शौर्य नसतं, मान मोडते. सॉफ्टवेअरची अट एकच होती. प्रत्येक माणसाचं नाव, जन्मतारीख, आधार आणि पीएफचं खातं एकमेकांशी जुळलं पाहिजे. जुळलं की ओळ हिरवी, नाही जुळलं की लाल. पीएफ म्हणजे कामगाराच्या पगारातून दरमहा कापून, त्यात कंपनीचा वाटा घालून त्याच्या नावे ठेवलेले पैसे. निवृत्त झाल्यावर तेच हातात येतात, त्यातूनच पेन्शन बसते. फौंड्रीत हाडं झिजवलेल्या माणसाजवळ शेवटी एवढंच असतं.

दोन महिन्यांत सगळ्या ओळी हिरव्या झाल्या. एक सोडून.

“काका, या दोनशे चौदा नंबरचं आधार काही येईना,” प्रियांका म्हणाली. “आणि आज उद्या करून चालणार नाही. हे बघा.” तिनं दुसरी यादी उघडली. या वर्षी अठ्ठावन्न पूर्ण होऊन निवृत्त होणारे. दोनच नावं होती. एक माझं, दुसरं आनंदाचं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. कागदावर आनंदा अठ्ठावन्नचा होत होता, पण विलास त्रेपन्नचा होता. म्हणजे विलासची पाच वर्षांची नोकरी जाणार. आणि पीएफ, पेन्शन सगळं आनंदाच्या नावे. वारस म्हणून सुद्धा आनंदाची बायको लिहिलेली, माझ्याच अक्षरात.

मी विलासला जेवणाच्या सुट्टीत बाजूला घेतलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. त्याची मुलगी नर्सिंग शिकत होती, अजून दोन वर्षं राहिली होती. तो म्हणाला, “आण्णा, खरं सांगितलं तर तुमचं काय हुतंय?”

“चौकशी होईल. ग्रॅच्युइटी अडकेल बहुतेक.”

“मग नगो. दादाचं आधार लावा. पैसं दादाकडं आलं काय आन् माज्याकडं आलं काय. पाच वरीस जाऊ द्यात. कुटंतरी वॉचमन म्हणून लागतो.”

इथं मी थोर माणसासारखं वागलो असं लिहायला मला आवडलं असतं. मी तसा वागलो नाही. मला हायसं वाटलं. चार महिन्यांवर निवृत्ती, चौतीस वर्षांत एक डाग नाही, आणि आनंदाचं आधार लावलं की ओळ हिरवी होणार होती. यंत्राला काय, नाव आणि तारीख जुळली की त्याचं काम झालं. मी रविवारी स्कूटर काढली आणि आनंदाचं आधार आणायला गडमुडशिंगीला गेलो.

आनंदा गोठ्यात होता. केस पिकलेले, कंबरेत थोडा वाकलेला. “या पावणं,” म्हणाला, मग मला ओळखून हसला, “आण्णा व्हय! बसा की.” सुमननं चहा आणला. मी जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगितलं, की तुझं आधार दे, यंत्रावर एकदा अंगठा लाव, बाकीचं मी बघतो.

तो म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवत राहिला.

“म्हंजे कागदावर त्ये एकुणतीस वरीस मी भट्टीम्होरं हुतो, असं हुनार?”

“कागदावरच फक्त.”

“आन् पेन्शन म्या जित्ता हाय तवर मला?”

“तुला. मग तू त्याला द्यायची.”

“आन् मी मेल्याव?”

उत्तरही त्यानंच दिलं. तो म्हणाला, “माज्या बायकूला. मग माज्या पोरांस्नी वाटनार, ह्ये आपल्या बानं कमवल्यालं हाय. आज माजी पोरं चांगली हायत. उद्याचं मला ठावं न्हाय.” मग त्यानं आपला अंगठा माझ्यासमोर धरला, शेणानं माखलेला. “आण्णा, ह्यो तितं लागला की त्येचं आयुष्य माजं हुतंय. म्या न्हाय लावनार. मारा न्हायतर जिता सोडा.”

सुमन दारात उभी होती. तिनं पदर डोळ्याला लावला आणि आत गेली. मी चहा तसाच ठेवून उठलो. येताना उजळाईवाडीजवळ स्कूटर बाजूला घेऊन थोडा वेळ थांबलो. ज्याच्या नावे सगळं आपसूक येत होतं तो माणूस नको म्हणत होता, ज्याचं जात होतं तो माझ्यासाठी सोडत होता, आणि ज्यानं हे करून ठेवलं तो मी ग्रॅच्युइटी मोजत होतो. इतका लहान मी स्वतःला कधी वाटलो नव्हतो.

सोमवारी मी मालकांसमोर जाऊन उभा राहिलो. थोरले मालक गेल्यापासून त्यांचा मुलगा कारखाना बघतो. सरळ माणूस, पण तापट. मी सगळं सांगितलं. त्यांनी पेन टेबलावर आपटलं.

“आण्णा, तुम्ही? दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी आज गेटबाहेर काढलं असतं.”

“मलाही काढा. पण त्याचं नाव दुरुस्त करा.”

“कशावर करू? तुमच्या शब्दावर? पीएफचं ऑफिस विचारेल, हाच माणूस इतकी वर्षं कामाला होता याचा पुरावा काय. काय दाखवू? सगळ्या कागदांवर आनंदा आहे.”

हे खरं होतं. बिल्ल्यावर नंबर होता, मस्टरवर आनंदा होता, बँकेत दोघं होते. मी खाली मान घालून बाहेर आलो. चारशे माणसांना मी नावानिशी ओळखतो, अशी माझी बढाई असायची, आणि एका माणसाला तो तोच आहे हे सिद्ध करायला माझ्याजवळ एक चिठोरी नव्हती.

प्रियांकानं सगळं ऐकलं होतं. तिनं मला बोल लावला नाही. ती एवढंच म्हणाली, “काका, रोखीच्या काळात पाकीट देताना तुम्ही काहीच लिहून घ्यायचा नाही?”

“घ्यायचो की. पगारपत्रकावर सही. पण तीही आनंदाचीच असणार.”

“बघितलीय?”

मी बघितली नव्हती.

जुनी पगारपत्रकं पॅटर्नच्या गोदामात, लाकडी साच्यांच्या मागं गोणपाटात बांधून ठेवली होती. सॉफ्टवेअर आल्यावर ती रद्दीत द्यायची यादी मीच करून दिली होती आणि रद्दीवाला त्याच आठवड्यात यायचा होता. आम्ही दोघांनी धूळ झटकत एकोणतीस वर्षांपूर्वीचा गठ्ठा सोडला. पहिल्या सात महिन्यांत दोनशे चौदा नंबरासमोर मोठ्या, गोल अक्षरात सही होती, आनंदा. आठव्या महिन्यात अक्षर बदललं. बारीक, तिरकं, घाईचं. प्रियांकानं मोबाइलचा उजेड धरला.

“काका, हे विलास आहे.”

मी चष्मा पुसला. विलासच होतं. पुढच्या महिन्यात विलास, त्याच्या पुढच्या महिन्यात विलास. डावीकडं माझ्या वळणदार अक्षरात छापल्यासारखं आनंदा आणि त्याच ओळीत उजवीकडं, तिकिटावर, विलास. तेरा वर्षं, दर महिन्याला. मध्ये एका महिन्यात सुमनचा अंगठा होता. मी प्रत्येक वेळी तिकीट बघितलं होतं, सही बघितली नव्हती. रद्दीच्या गठ्ठ्यावर बसून मी हसलो आणि मग मला रडू आलं, ते त्या मुलीसमोर आवरलं नाही.

विलासला बोलावून विचारलं, “मी तुला आनंदा म्हणून सही कर म्हणून सांगितलं होतं ना?”

तो जरा ओशाळला. “सांगितलंता की. पर आण्णा, बिल्ला दादाचा हुता, तेवडं बरूबर. घाम माजा गेलाता. पैसं घेतल्यालं माजं. मग सई दुसऱ्याची कशी करायची? तुमी काय बोलला न्हाय, मला वाटलं चालतंय.”

पुढचं कोरडं आहे. कंपनी आणि कामगार यांनी मिळून दुरुस्तीचा अर्ज करायचा असतो, तो केला. आनंदानं स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं, की मी फक्त सात महिने काम केलं, पुढच्या पैशावर माझा हक्क नाही. सही करताना मालकांना म्हणाला, “पर त्ये सात म्हयन्याचं माजं हाय बरं का. त्ये न्हाय सोडनार.” मालकसुद्धा हसले. मीही माझा जबाब लिहिला. त्या सकाळी खिडकीशी आलेला माणूस आनंदा नाही हे मला ठाऊक होतं, तरी मी बिल्ला खिळ्याला अडकवला, असं स्वच्छ लिहिलं. चौतीस वर्षांत हजारो नोंदी केल्या, पण स्वतःबद्दल खरी नोंद तेवढी एकच.

मला मेमो मिळाला. ग्रॅच्युइटी मिळाली, पण मेमो फाइलला लागला आणि निरोप समारंभात मालकांनी “निष्कलंक सेवा” हे नेहमीचे शब्द वगळले. मला वाईट वाटलं. पण ते वगळले हेच बरोबर होतं, आणि मेमोची प्रत मी घरी जपून ठेवली आहे. त्या गठ्ठ्यांपैकी तेरा वर्षांची पगारपत्रकं रद्दीत गेली नाहीत. प्रियांकानं त्यांचे फोटो काढून यंत्रात घातले आणि मूळ कागद कपाटात ठेवले. ती म्हणते, “काका, यंत्र खोटं बोलत नाही.” मी म्हणतो, “बरोबर. पण त्याला आनंदाचा अंगठा लावला असता तर तेही त्यानं खरं मानलं असतं.” यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही. तिनं मात्र एक केलं. आता प्रत्येक नव्या माणसाला ती समोर बसवून, पडद्यावरचं नाव मोठ्यानं वाचून दाखवते आणि विचारते, हे तुम्हीच ना? माझ्या हाताखाली ती शिकली असती तर हे शिकली नसती.

दुरुस्ती मंजूर झाल्याचं कळलं, तेव्हा मला निवृत्त होऊन दोन महिने झाले होते. प्रियांकाचा फोन आला, “काका, उद्या सकाळी पहिल्या पाळीला या. बघण्यासारखं आहे.” मी गेलो. गेटवर चेहऱ्याचं यंत्र बसलं होतं. माणूस समोर उभा राहिला की ते नाव बोलून दाखवायचं. रांग पुढं सरकत होती. विलास पुढं आला. यंत्र म्हणालं, “विलास, हजेरी झाली.”

तो हललाच नाही. त्यानं मागं वळून बघितलं, विलास कोण आला म्हणून. मागचे गडीही एकमेकांकडं बघू लागले. एकजण ओरडला, “ए आनंदा, हो की म्होरं!” मग त्याच्या ध्यानात आलं. कारखान्याच्या गेटवर एकोणतीस वर्षांत त्याला त्या नावानं पहिल्यांदाच हाक आली होती. त्यानं यंत्राकडं बघून हळूच “व्हय” म्हटलं आणि आत आला.

खिडकी आता बंद आहे, पण मी सवयीनं तिच्याजवळच उभा होतो. तो मला बघून आला, पाया पडू लागला, मी पडू दिलं नाही. त्याच्या हातात बिल्ला होता, घासून घासून नंबर पुसट झालेला. बिल्ले आता कुणाला लागत नाहीत, कंपनीनं पेटीत जमा करायला सांगितले होते. मी म्हटलं, “आण इकडं, मी देतो जमा करून.”

त्यानं मूठ मिटली.

“नगो आण्णा. ह्यो दादाला परत द्यायचा हाय. आठ दिसासाटनं घेतलता.”